उतरवायला गेलो आणि गाडी वर आली: अंबडमधील एका सस्पेन्शन कार्यशाळेचा अनुभव

गाडी खाली बसवून देणाऱ्या कार्यशाळेत आपली गाडी न्यावी आणि परत घेताना ती सोळा-सतरा मिलिमीटर वर आलेली असावी, हा अनुभव चमत्कारिक वाटेल. परंतु माझ्या २०१२ सालच्या ऑडी टीटीच्या बाबतीत नेमके हेच घडले, आणि त्यानंतर ती पहिल्यांदा स्पोर्ट्स कारसारखी चालू लागली. कार्यशाळा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आहे. लिफ्ट दोनच आहेत, कामाची रांग आधीच तीन आठवड्यांची आहे, त्यामुळे नाव लिहू नये अशी मालकांनी विनंती केली आणि ती मी पाळत आहे. शहरात ज्यांना अशा कामाची गरज असते त्यांना ती जागा विचारत विचारत सापडतेच.

मी सातपूरच्या एका कारखान्यात मापन विभागात काम करतो. मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही तिथे लागलेली सवय घरातही सुटत नाही, त्यामुळे पुढील मजकुरात आकडे जरा जास्त येतील.

आधीची हकीकत सांगणे भाग आहे. गाडी जुनी घेतली तेव्हा चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर पुढे ३६४ आणि मागे ३६६ मिलिमीटर होते. दुसऱ्या एका शहरातील गॅरेजने त्या वेळी मला लोअरिंग स्प्रिंग बसवून दिल्या. शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारे दांडे) मात्र जुनेच ठेवले, आणि पुढच्या चाकांचा टो तेवढा जुळवून ‘अलाइनमेंट झाली’, म्हणजे चाकांचे कोन जुळले, असे सांगितले. गाडी ४१-४२ मिलिमीटर खाली आली आणि दिसायला देखणी झाली. चालवायला ती भयंकर होती. वळणात थोडा खड्डा आला की शॉकमधील रबरी बंप स्टॉपवर गाडी आदळे आणि त्या क्षणी बाजूला उडी मारी. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावे लागे. ६,००० किलोमीटरमध्ये मागच्या दोन्ही टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत गेली, तर बाहेरची कड जवळजवळ नवीन होती. गाडी टायर खाते असे आपण म्हणतो, पण तिने ते एकाच बाजूने का खाल्ले, हा प्रश्न मला अंबडपर्यंत घेऊन आला.

पहिल्या भेटीत कार्यशाळेने एकही स्क्रू फिरवला नाही, ही गोष्ट मला सर्वांत आवडली. मिस्त्रींनी टायरमधील हवा मोजून सारखी केली, गाडी लिफ्टवर घेतली, प्रत्येक चाक वरखाली आणि आडवे हलवून बॉल जॉइंट, टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोहोचवणारा दांडा) आणि बेअरिंगमधील खेळ पाहिला, आणि उजव्या लोअर आर्मच्या (चाकाला सांगाड्याशी जोडणारी खालची भुजा) मागच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातील रबरी नळीत, पहार घालून ती हळूच दाबून दाखवली. रबर फाटून वेगळे झाले होते. बुश फाटलेला असताना अलाइनमेंट करणे म्हणजे हलत्या टेबलावर तराजू ठेवणे. यंत्रावर आकडा बरोबर येतो आणि पहिल्या ब्रेकला तो बदलतो. त्यानंतरच गाडी अलाइनमेंटच्या रॅम्पवर घेतली आणि आल्या स्थितीतील कागद माझ्या हातात दिला.

त्या कागदातील मागच्या चाकांचे आकडे असे होते: डाव्या चाकाचा कॅम्बर उणे २ अंश ४० मिनिटे, उजव्याचा उणे २ अंश १५ मिनिटे, डाव्या चाकाचा टो अधिक २८ मिनिटे, उजव्याचा उणे ४ मिनिटे. कॅम्बर म्हणजे समोरून किंवा मागून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून किती कलले आहे ते, आणि टो म्हणजे वरून पाहिले असता चाकाचे तोंड आत किंवा बाहेर किती वळले आहे ते. उणा कॅम्बर म्हणजे चाकाचा माथा आत कललेला; अधिक टो म्हणजे तोंड आत, उणा म्हणजे बाहेर; आणि ही मिनिटे कोनाची आहेत, एका अंशाची साठ. लोक कॅम्बरला घाबरतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. टायर संपवण्याच्या कामात खरा हात टोचा असतो. माझ्या मागच्या दोन्ही चाकांची तोंडे मिळून सरासरी १६ मिनिटे उजवीकडे होती, म्हणजे गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालत होती. तो तिरकेपणा सावरण्यासाठी पुढची चाके तितकीच उजवीकडे ठेवावी लागत होती, आणि स्टिअरिंगच्या गुणोत्तरामुळे तेच १६ मिनिटे हातात चार अंशांच्या आसपास जाणवत होते. ते वजा केल्यावरही प्रत्येक चाक गाडीच्या मार्गाशी १२ मिनिटांचा कोन करून घासत होते. घरी आल्यावर मी हिशेब केला: १२ मिनिटांचा कोन म्हणजे किलोमीटरमागे सुमारे साडेतीन मीटर आडवे घासणे. ६,००० किलोमीटरमध्ये ते २१ किलोमीटर होते. नाशिकहून त्र्यंबकेश्वर सुमारे २८ किलोमीटरवर आहे. त्या वाटेचा मोठा भाग माझे मागचे टायर आडवे सरपटत गेले होते, आणि कॅम्बर जास्त असल्यामुळे तो सगळा भार आतल्या कडेवर आला होता.

मी मात्र उंची आहे तेवढीच ठेवून बाकीचे नीट करून द्या, असा आग्रह धरला. दिसण्याचा मोह होता, खोटे कशाला बोलू? मिस्त्री हातातले फडके झटकत म्हणाले, “साहेब, चाळीस उतरवून देतो की, पण मग टायरचं बिल माझ्या नावावर टाकू नका.” मग त्यांनी गाडीखाली बोलावून लोअर आर्मची तिरपी दिशा दाखवली, आणि त्या पाच मिनिटांत मला जे समजले ते अनेक महिने वाचूनही समजले नव्हते.

टीटीच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन पद्धतीचे स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात. मूळ उंचीवर लोअर आर्म सांगाड्याकडून चाकाकडे जाताना किंचित खाली उतरत असते, त्यामुळे वळणात चाक वर गेले की आर्म बाहेर ढकलली जाते आणि चाकाला हवा तसा उणा कॅम्बर मिळतो. गाडी प्रमाणाबाहेर खाली घेतली की आर्म आडवी होते, मग तिचे चाकाकडचे टोक वर चढते, आणि त्यानंतर वळणात उणा कॅम्बर वाढण्याऐवजी कमी होऊ लागतो. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू या रचनेत गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो. दोघांमधील अंतर वाढते, आणि गाडी खाली असूनही अधिक कलू पाहते. टाय रॉडचा कोनही बिघडतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वरखाली होताना ते स्वतःच थोडे वळते, स्टिअरिंग न हलवता. माझी गाडी वळणात उडी मारत होती त्यात बंप स्टॉपचा वाटा मोठा होता, पण याचाही होता.

शिवाय खाली घेण्याचा मूळ लाभ लोक समजतात तेवढा मोठा नसतो. वळणात आतल्या चाकांवरील वजन बाहेरच्या चाकांवर जाते ते गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात. ती उंची ५०० मिलिमीटर धरली आणि गाडी २५ मिलिमीटर खाली घेतली, तर वजनाची ही अदलाबदल जेमतेम ५ टक्क्यांनी घटते. बाकीचा सगळा फरक पडतो तो स्प्रिंगला साजेसे शॉक, धड बुश आणि जुळलेले कोन यांमुळे. २५ मिलिमीटरवर आमचे एकमत झाले.

त्यासाठी आयबाखच्या स्प्रिंग आणि बिल्स्टाईनचे बी-८ शॉक मागवले. हे शॉक खाली घेतलेल्या गाड्यांसाठीच बनवलेले असून त्यांचा दांडा आखूड असतो, त्यामुळे कमी उंचीवरही त्यांना हालचालीसाठी पुरेशी जागा उरते. जुन्या लांब शॉकवर आखूड स्प्रिंग चढवली की ती जागाच संपते. (स्प्रिंग ग्राइंडरने कापून गाडी खाली घेण्याची पद्धत अजूनही आहे. कापलेल्या स्प्रिंगचे टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक लोंबकळले की ती सैल होते, आणि तसे करून देणाऱ्याच्या दारात गाडी उभीसुद्धा करू नये.) सामान यायला पाच आठवडे लागले.

बसवणीचे काम दोन दिवस चालले. पहिल्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तिथे बसलो होतो. प्लास्टिकची एक खुर्ची, वर पंखा, शेजारच्या गाळ्यातून येणारा लेथचा आवाज; पाहुण्यांसाठी काचेची खोली, कॉफीचे यंत्र वगैरे थाट या ठिकाणी नाही आणि ज्यांना तो हवा असेल त्यांनी तिकडे फिरकू नये. काम मात्र पाहत राहावे असे होते. टीटीचा पुढचा शॉक चाकाच्या हबमधील एका चिरलेल्या पकडीत घट्ट बसतो. पुष्कळ ठिकाणी हातोडे मारून तो बाहेर काढतात. इथे मिस्त्रींनी त्या चिरेत एक लहान, लंबगोल तोंडाचे हत्यार घातले, पान्याने पाव फेरा दिला, चीर केसभर उघडली आणि शॉक हाताने खाली सरकला. हातोडा भिंतीवर टांगलेलाच राहिला. जाताना जुने शॉक त्यांनी माझ्यासमोर दाबून दाखवले. डावा मागचा एकदा खाली गेला तो वर येईचना.

दुसरी गोष्ट आणखी बारीक आहे आणि ती तपासल्याशिवाय कोणीही आपली गाडी ताब्यात घेऊ नये असे मला वाटते. आर्मच्या बुशमधील रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. आर्म हलते तेव्हा रबर पिळले जाते. गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबकळत असताना बोल्ट शेवटपर्यंत आवळला, तर रबर त्या लोंबकळत्या स्थितीत पकडले जाते आणि गाडी जमिनीवर आल्याबरोबर कायमचे पिळलेले राहते. मग ते लवकर फाटते आणि उंचीही फसवी दिसते. या कार्यशाळेत सर्व बोल्ट आधी नुसते हाताने लावले, चाकांना जॅकने आधार देऊन ती चालत्या उंचीला आणली, मडगार्डपासूनचे अंतर टेपने मोजले, आणि मग टॉर्क रेंचने आवळले. प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर पिवळ्या खडूची रेघ. माझ्या कारखान्यातही सगळे जण इतके शिस्तीने वागत नाहीत.

नंतर ३०० किलोमीटर गाडी चालवून आणायला सांगितले. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात. माझ्या गाडीत मडगार्डपर्यंतचे अंतर पुढे ३४१ मिलिमीटरवरून ३३९ झाले, मागे ३४१ वर स्थिरावले. म्हणजे मूळ उंचीपेक्षा पुढे-मागे २५ मिलिमीटर खाली, आणि मी आणली होती त्यापेक्षा सोळा-सतरा वर. खरी अलाइनमेंट त्यानंतर झाली.

रॅम्पवर चालकाच्या आसनावर मिस्त्रींनी खताच्या पिशव्यांत भरलेली वाळू ठेवली, ३५-३५ किलोच्या दोन पिशव्या. मी एकटाच गाडी चालवतो हे त्यांनी आधीच विचारून घेतले होते. टाकी अर्धी होती. आधी मागची चाके, कारण मागच्या चाकांची दिशा ठरल्याशिवाय पुढच्यांना कशाच्या संदर्भात जुळवणार? टीटीच्या मागच्या बाजूला कॅम्बर आणि टो यांसाठी वेगवेगळे विकेंद्री बोल्ट आहेत. एक फिरवला की दुसऱ्याचा आकडाही थोडा हलतो, म्हणून पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. पाऊण तास त्यातच गेला. शेवटी मागचा कॅम्बर डावीकडे उणे १ अंश ३५ आणि उजवीकडे उणे १ अंश ३० मिनिटे, टो दोन्हीकडे अधिक ७ मिनिटे, आणि तिरकी चाल शून्य.

पुढच्या बाजूला अडचण होती. तिथे कॅम्बर स्वतंत्रपणे बदलण्याची सोयच कंपनीने ठेवलेली नाही. डावीकडे उणे ३४ मिनिटे आणि उजवीकडे उणे १ अंश १० मिनिटे असा फरक दिसत होता, आणि ‘एवढं चालतं’ असे म्हणून माझी बोळवण करणे सोपे होते. त्यांनी पुढची सबफ्रेम (लोअर आर्म जिला जोडलेल्या असतात ती चौकट) सैल करून ती तीनेक मिलिमीटर सरकवली. असे केल्याने एकूण कॅम्बर वाढत नाही; एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो, इतकेच. शेवटचा कागद डावीकडे उणे ५१ आणि उजवीकडे उणे ५३ मिनिटे दाखवतो. सबफ्रेमचे बोल्ट एकदा ताणून बसवले की पुन्हा वापरायचे नसतात, म्हणून नवे बोल्ट त्यांनी शॉकबरोबरच मागवून ठेवले होते. म्हणजे ही वेळ येणार हे त्यांना पाच आठवडे आधीच ठाऊक होते. पुढचा एकूण टो १० मिनिटे ठेवला. १८ इंची रिमवर मोजले तर हा फरक १.३ मिलिमीटर होतो.

खर्च: शॉक आणि स्प्रिंग १ लाख ६८ हजार, बुश, माउंटिंग, लिंक रॉड आणि बोल्ट मिळून ३१ हजार, मजुरी २२ हजार, अलाइनमेंट साडेतीन हजार. स्वस्त नाही. परंतु आधीच्या प्रकारात गेलेले दोन टायर आणि स्प्रिंगचे पैसे धरले, तर मी हेच काम दीडपट किमतीत केले आहे, आणि त्याला कार्यशाळा जबाबदार नाही.

गाडी कशी चालते हे पाहायला मी दिंडोरी, वणीमार्गे सप्तशृंगी गडाकडे गेलो. नाशिकपासून हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे, आणि नांदुरीपासून वरचा घाट अशा परीक्षेसाठी योग्य आहे, कारण तिथे वळणे एकामागून एक येतात आणि पहाटे वाहतूक तुरळक असते. पूर्वी वळणात शिरताना गाडी आधी कले, मग थबके, मग वळे; त्या तीन हालचाली आता एकच झाल्या आहेत. स्टिअरिंग मध्यावर सरळ राहते. एका वळणाच्या मधोमध पावसाने उखडलेला पट्टा होता, नेमका तिथे ज्या जागी पूर्वी गाडीने उडी मारली असती. चाके खाली-वर झाली, धक्का हातापर्यंत आला, आणि गाडी आपल्या रेषेवर राहिली. मी वर जाऊन दर्शन घेतले आणि त्याच वळणासाठी पुन्हा एकदा खाली-वर केले, हे घरी सांगितलेले नाही.

त्याच दिवशी एक चूक उघडी पडली. परतताना अंधार झाला आणि दिव्यांचा झोत पुढ्यातच पडतो आहे असे दिसले. झेनॉन दिव्यांच्या या गाडीत झोताची उंची सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेल्या संवेदकावरून आपोआप ठरते. गाडीची उंची बदलली की त्या संवेदकाची मूळ नोंद संगणकावरून नव्याने करावी लागते. कार्यशाळेने ते केलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर लगेच बोलावले, भिंतीवर झोत टाकून अर्ध्या तासात जुळवून दिले, पैसे घेतले नाहीत; पण इतक्या काटेकोर लोकांच्या यादीत ही ओळ नसावी याचे आश्चर्य वाटले, आणि वणी ते नाशिक अंतर मी पन्नासच्या वेगाने कापले ते कापलेच. दुसरी तक्रार कामाची नाही, कागदाची आहे: लेखी अंदाजपत्रक मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि बुशचा खर्च मला तोंडी सांगितला होता त्यापेक्षा चार हजारांनी जास्त निघाला.

आरामाबाबत स्पष्ट सांगायला हवे. काँक्रीट रस्त्याचे सांधे आता पाठीला मोजता येतात, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जागोजाग रस्त्यांची कामे चालली असताना अशी गाडी रोज चालवणे शहाणपणाचे नाही. मी ती रोज चालवत नाही. आईला दवाखान्यात न्यायचे असेल तर दारात जुनी वॅगनआर आहे.

गतिरोधकांचा प्रश्न मात्र गणिताने सुटतो, निदान कागदावर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातील गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच असतो, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असते. टीटीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २,४६८ मिलिमीटर आहे, म्हणजे गाडी माथ्यावर असताना तिच्या पोटाखालील जागेतून जेमतेम ४५ मिलिमीटर खर्च होतात. नियमानुसार बांधलेला गतिरोधक अशा गाडीला मुळीच लागत नाही. लागतात ते हातभर रुंदीचे, कारण त्यांची सगळी उंची दोन्ही चाकांच्या मध्ये मावते आणि पोटाला तेवढी पूर्ण जागा द्यावी लागते.

कायद्याबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे कलम कठोरपणे वाचले आहे. मी बिलांच्या प्रती जोडून विमा कंपनीला बदल लेखी कळवला आणि त्याची पोच जपून ठेवली. कार्यशाळेने स्वतःहून हे सुचवले होते, हेही त्यांच्या बाजूने नोंदवतो.

आता ५,२०० किलोमीटर झाले. गेल्या रविवारी मागच्या टायरच्या खाचा मोजल्या: डावीकडे आत ६.३, बाहेर ६.५ मिलिमीटर, उजवीकडे दोन्ही कडांना ६.४. अलाइनमेंटची पुढील तपासणी पावसाळा संपल्यावर ठरली आहे, दीड हजार रुपयांत. तोपर्यंत आमच्या सोसायटीच्या फाटकातील गतिरोधकाची उंची कमी करण्याचा माझा अर्ज समितीपुढे येतो का ते पाहायचे आहे. तो १३५ मिलिमीटर उंच आणि ४२० मिलिमीटर रुंद आहे, आणि मी तो अजूनही तिरका होऊन, आडव्या चालीनेच ओलांडतो.